वेंटवर्थच्या बराकी

१९७७ च्या सप्टेंबरात मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या वसतिगृहाच्या वाचनालयात एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक येई. इंग्रजी दैनिकाचे खेळाचे पान सकाळीच कोणीतरी पळवलेले असे. उरलेल्या पानांत एका कोपऱ्यात बातमी होती. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांचा तरुण नेता स्टीव्ह बिको पोलिसांच्या कोठडीत मरण पावला. वय ३०. त्याच बातमीत पुढे एक वाक्य होते की, हा इसम एकेकाळी वैद्यकीय विद्यार्थी होता. त्या वाक्यापाशी मी थांबलो. तोपर्यंत 'मेडिकलचा विद्यार्थी' आणि 'कोठडीत मेलेला माणूस' हे दोन शब्द एकत्र येऊ शकतात हे माझ्या डोक्यात आले नव्हते. आमच्या घरी मेडिकलचा विद्यार्थी म्हणजे सुटलेला माणूस. माझी आई सिव्हिल हॉस्पिटलात आया होती. तिच्या दृष्टीने डॉक्टर झालेल्या पोराला पोलीसच काय, तहसीलदारही हात लावू शकत नव्हता.

पुढे बिकोबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो. त्याची आईदेखील एका सरकारी रुग्णालयात स्वयंपाकीण होती हे कळले तेव्हा हसू आले आणि वाईटही वाटले. पण माझे मन बिकोपेक्षा त्याच्या वसतिगृहात जास्त अडकले. चळवळींचा इतिहास लिहिणारे सभा, ठराव, मोर्चे यांची नोंद करतात. खोल्यांची नोंद करत नाहीत. ज्या खोलीत चौघे जण रात्री एक वाजेपर्यंत भांडले, जिच्या खिडकीतून धुराचा वास आत येत होता, ती खोली इतिहासात कुठे येते? मी डर्बनला कधी गेलो नाही. पण वसतिगृहात साडेपाच वर्षे काढलेला माणूस दुसऱ्या वसतिगृहाबद्दल काही बोलू शकतो असे मला वाटते.

आधी त्या महाविद्यालयाविषयी. डर्बन हे हिंदी महासागराच्या काठचे बंदर. तेथे काळ्यांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू व्हावे असा ध्यास जेम्स मॅकॉर्ड या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतला होता. तो फळाला यायला १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे नॅशनल पार्टीने वर्णभेदाचे राज्य सुरू केल्यानंतर तीन वर्षांनी. वाचकाला यात विसंगती वाटेल. काळ्यांना गुलाम ठेवू पाहणारे सरकार त्यांना डॉक्टर कशाला करते? पण व्यवस्थेचा हिशेब सरळ होता. काळा रोगी काळ्या डॉक्टरने तपासावा, गोऱ्या डॉक्टरचे हात त्याला लागू नयेत, आणि काळ्या डॉक्टरचे हात तर गोऱ्या रोग्याला चुकूनही लागू नयेत. केपटाऊन आणि विटवॉटर्सरँड या गोऱ्यांच्या विद्यापीठांत १९४० नंतर थोडेसे काळे विद्यार्थी वैद्यकाला घेतले जाऊ लागले होते. गोऱ्यांच्या वॉर्डात त्यांना प्रवेश नव्हता. शवविच्छेदनाच्या टेबलावर गोऱ्याचे प्रेत आले की त्यांनी दालनाबाहेर जायचे! मेलेल्या गोऱ्याचीसुद्धा काळ्याच्या नजरेने विटंबना होते, हा नियम आपल्याकडच्या कोणत्याही स्मृतिकाराने आनंदाने लिहून घेतला असता.

तेव्हा नेटाल विद्यापीठाचे हे नवे महाविद्यालय संपूर्णपणे 'नॉन-युरोपियन' लोकांसाठी निघाले. आफ्रिकी, भारतीय आणि 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय विद्यार्थी. गोरा विद्यार्थी एकही नाही. शिकवणारे मात्र बहुतेक गोरे. याच विद्यापीठाने १९३६ पासून काळ्या आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्ग चालवले होते, आणि ते भरत असत शास्त्री कॉलेजच्या इमारतीत, तिथली शाळा सुटल्यावर. हे शास्त्री म्हणजे गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री. एकाच विद्यापीठाचे गोरे विद्यार्थी टेकडीवरच्या हॉवर्ड कॉलेजात, समुद्राकडे तोंड करून शिकत. काळ्यांच्या वाट्याला दुसऱ्याची रिकामी झालेली बाके. रात्रशाळेत शिकलेल्या आपल्या पिढीला ही बाके ओळखीची आहेत.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता जॉर्ज गेल आणि त्यांच्याभोवतीची माणसे यांची वैद्यकाकडे पाहण्याची दृष्टी त्या काळाच्या कितीतरी पुढे होती. सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याने १९४० मध्ये नेटालच्या ग्रामीण भागात फोलेला येथे आरोग्य केंद्र काढले होते. रोगी दारात येण्याची वाट न पाहता वस्तीत जायचे, काय शिजते, पाणी कुठून येते, बाप कुठल्या खाणीवर आहे हे विचारायचे, आणि मग रोगाचे नाव घ्यायचे, ही त्यांची पद्धत. ज्याला आज जगभर सामाजिक वैद्यक म्हणतात त्याच्या मुळाशी हे काम आहे. सरकारने ते टिकू दिले नाही आणि कार्क देश सोडून गेले. पण बी पडले होते.

महाविद्यालयाची इमारत उंबिलो रस्त्यावर, किंग एडवर्ड आठवा या काळ्यांच्या रुग्णालयाला लागून. या रुग्णालयात खाटा कमी आणि माणसे उदंड. दोन खाटांच्या मध्ये रोगी, खाटेच्या खाली रोगी. विद्यार्थ्याला शिकायला इतके रोग एका छताखाली गोऱ्यांच्या कुठल्याच रुग्णालयात मिळाले नसते. गरिबांच्या गर्दीवर चांगला डॉक्टर घडतो. हे क्रूर आहे पण खरे आहे, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतही खरे आहे.

विद्यार्थ्यांची राहण्याची जागा मात्र तिथे नव्हती. ती होती शहराच्या दक्षिणेला कित्येक मैलांवर, वेंटवर्थ नावाच्या उपनगरात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या बराकी युद्धानंतर रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत या भावी डॉक्टरांची सोय केली गेली. पुढे तिला ॲलन टेलर रेसिडेन्स म्हणू लागले, पण नावाने बराकीचा बंगला होत नाही. १९५४ मध्ये शेजारीच तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. रात्रंदिवस चिमणीवर जाळ आणि हवेत तेलाचा आणि गंधकाचा वास. फुप्फुसाचे रोग शिकायला जाणारी मुले रात्रभर तोच धूर फुप्फुसात घेत झोपत. सकाळी बसने शहरात, संध्याकाळी बसने परत. शहर त्यांना दिवसापुरते हवे होते. सूर्य मावळल्यावर गावात काळा दिसू नये, एवढी काळजी घेतली की झाले. गावकुसाबाहेरचा वाडा म्हणजे काय ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आणि या बराकीत प्रामुख्याने आफ्रिकी विद्यार्थी राहत. भारतीय विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे डर्बनमध्येच होती, ते घरी जात. म्हणजे एका वर्गात बसणारे संध्याकाळी दोन दिशांना पांगत. या पांगण्याला इतिहास होता. डर्बनच्या टपाल कचेरीला पूर्वी दोन दारे होती, एक गोऱ्यांसाठी, एक बाकीच्यांसाठी. १८९५ च्या सुमारास गांधीजी आणि त्यांच्या नेटाल इंडियन काँग्रेसने त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. त्यातून भारतीयांना तिसरे दार मिळाले, म्हणजे निदान आफ्रिकी माणसाबरोबर एका दारातून जावे लागू नये! सवर्ण मन समुद्र ओलांडून गेले तरी उतरंड बरोबर घेऊन जाते. मग १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये आफ्रिकी विरुद्ध भारतीय अशी दंगल झाली, त्यात १४२ माणसे मेली. मेडिकलचे पहिले वर्ष सुरू झाले ते त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. त्या पहिल्या वर्गात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या घरांत काय बोलले जात असेल याची कल्पना करावी. भारतीयांनाही जागा थोड्याच होत्या. पुष्कळ मुले वैद्यक शिकायला आयर्लंडला किंवा भारतात जात. पुढे डर्बनला बालरोगाचे प्राध्यापक आणि वर्णभेदविरोधी लढ्यातले मोठे नाव झालेले हूसेन कोवाडिया हे मुंबईत शिकून १९६५ मध्ये डॉक्टर झाले होते.

आता माझ्या वसतिगृहाकडे वळतो. आमचे महाविद्यालय सरकारी. शहराची वस्ती संपते तिथे, माळावर. तेथे काळे-गोरे नव्हते. सगळ्या जातींची मुले एका छताखाली, एका मेसमध्ये, एकाच महाराजाच्या हातचे खात. घटनेने अस्पृश्यता संपवलेली होती आणि आमच्यापैकी कोणालाही कोणी 'बाहेर बस' म्हणाले नाही. मग काय झाले? पहिल्या आठवड्यात रॅगिंगच्या वेळी एका सीनियरने विचारले, "काय रे, पर्सेंटेज किती?" मी सांगितले. तो शेजारच्याकडे पाहून म्हणाला, "कळलं." एवढेच. त्या 'कळलं'ला कोणत्या कलमाखाली फिर्याद करणार? दर वर्षी कार्यालयाच्या फलकावर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीधारकांची टंकलिखित यादी लागे. ती आमच्या सोयीसाठी असे. पण ती वाचायला आमच्यापेक्षा इतरच जास्त जमत. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने येत नसे, तोवर मेसचे बिल थके, आणि मेसच्या दारावर थकबाकीदारांची दुसरी यादी लागे. दोन्ही याद्यांत नावे तीच. रविवारच्या फीस्टला कोण कोणाच्या टेबलावर बसते हे कोणी ठरवलेले नव्हते, आणि ते कधी बदललेही नाही.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीला माणसाच्या हाडांचा अर्धा संच लागतो, बोन सेट. तो विकत घेणे आमच्यातल्या कोणालाच परवडत नसे. आमच्या एका सीनियरने त्याचा बोन सेट आणि कनिंगहॅमच्या शवविच्छेदनाच्या पुस्तकाचे पहिले दोन भाग मला दिले, ते त्यालाही कोणीतरी दिलेले होते. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ज्याच्या-ज्याच्याकडे ते राहिले त्याचे नाव आणि साल होते. माझ्या आधी पाच नावे. आडनावावरून सगळी आमचीच. ते पान म्हणजे आमची गुप्त संघटना होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण त्या वर्षी मला त्याने जो धीर दिला तो कोणत्याही वसतिगृहप्रमुखाने दिला नाही.

डिसेक्शन हॉलमधले आमचे सर सांगत की टेबलावरच्या देहाला जात नसते. खरे होते ते. पण १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने महाविद्यालयांना जे देह मिळत ते बेवारशी, आणि बेवारशी कोण मरतो हे सरांनी कधी विचारले नाही. पोस्टमॉर्टेमच्या खोलीत तर सुरी हातात घेणारा बहुधा आमच्याच समाजाचा माणूस असतो. तो कापतो, उचलतो, शिवतो. डॉक्टर दारात उभा राहून लिहितो. पहिल्यांदा मी तिथे गेलो तेव्हा त्या काकांनी माझ्याकडे पाहिले, नाव विचारले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही जवळ या. तुम्ही बघून शिका." साहेबही म्हणाले आणि जवळही बोलावले. मी त्या दिवशी जे यकृत पाहिले ते अजून आठवते.

तर बिको १९६६ मध्ये वेंटवर्थला आला. किंग विल्यम्स टाऊनच्या जिन्सबर्ग वस्तीतला, बाप लहानपणीच गेलेला. पहिल्याच वर्षी तो विद्यार्थी मंडळावर निवडून आला. तेव्हा साऱ्या देशातल्या विद्यार्थ्यांची एक संघटना होती, नुसास. ती सर्ववर्णीय, उदारमतवादी, सरकारविरोधी. पण तिचा ताबा गोऱ्या इंग्रजी विद्यापीठांकडे. १९६७ च्या जुलैत तिचे अधिवेशन ऱ्होड्स विद्यापीठात भरले. विद्यापीठाने सांगितले की काळ्या प्रतिनिधींना आमच्या वसतिगृहात राहता येणार नाही. गोरे प्रतिनिधी वसतिगृहात झोपले, काळ्यांची सोय गावाबाहेरच्या काळ्या वस्तीत एका चर्चच्या जागेत झाली. बिकोने मागणी केली की अधिवेशन तहकूब करा. रात्रभर चर्चा झाली. गोऱ्या मित्रांनी निषेधाचा ठराव तळमळीने मांडला, आणि अधिवेशन चालू ठेवले.

मला वाटते बिकोचे सगळे पुढचे विचार या एका रात्रीच्या झोपण्याच्या जागेतून आलेले आहेत. जो मित्र तुमच्या अपमानाचा निषेध करतो आणि मग आपल्या गादीवर जाऊन झोपतो, त्याच्याशी काय करायचे? तो दुष्ट नाही, म्हणून तर प्रश्न कठीण आहे. १९६८ च्या डिसेंबरात मरियानहिल येथे काळ्या विद्यार्थी प्रतिनिधींनी वेगळ्या संघटनेचा निर्णय घेतला. १९६९ च्या जुलैत टर्फलूप येथे साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन, म्हणजे सासो, रीतसर स्थापन झाली आणि बिको पहिला अध्यक्ष झाला. उदारमतवादी गोरे दुखावले. हा उलटा वर्णभेद आहे, असे ते म्हणाले. हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. दलित साहित्य असे वेगळे नाव कशाला, हे विचारणारे याच सुरात बोलत होते.

या संघटनेने एक शब्द बदलला. 'नॉन-व्हाइट' म्हणजे जे गोरे नाहीत ते. दुसऱ्याच्या नकाराने दिलेले नाव. ते टाकून त्यांनी 'ब्लॅक' हा शब्द घेतला आणि त्यात आफ्रिकी, भारतीय, कलर्ड, जे जे कायद्याने आणि रूढीने दडपले गेले आहेत ते सर्व धरले. टपाल कचेरीची तीन दारे एका शब्दाने बंद करण्याचा तो प्रयत्न होता. डर्बनचे सॅथ्स कूपर आणि स्ट्रिनी मूडली हे भारतीय वंशाचे तरुण या चळवळीत पुढे आले आणि तुरुंगात गेले. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया यांना घेतले, ते याच्या अगदी जवळ जाणारे आहे. दोन्हीकडच्यांनी एकमेकांचे वाचले होते असा माझा दावा नाही. पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतून. पण दोन्हीकडे विचार पिकला तो वसतिगृहात. तिकडे वेंटवर्थ, इकडे वडाळ्याचे सिद्धार्थ विहार. कोंदट खोल्या, उधारीचा चहा, कोणाच्या तरी खाटेवर तिघे, आणि सकाळपर्यंत वाद. व्यवस्थेने ज्यांना एका कोंडवाड्यात घातले त्यांना तिनेच एकमेकांच्या समोर बसवले.

चर्चेवरच ते थांबले नाहीत. मेडिकलचे विद्यार्थी शनिवार-रविवारी जवळच्या 'हॅपी व्हॅली' नावाच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवत. नाव आनंदाचे, वस्ती पत्र्यांची. कार्क दांपत्याने पेरलेले तिथे उगवले असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढा की आता वस्तीत जाणारा उपकारकर्ता नव्हता. तो त्याच प्रकारच्या वस्तीतून आलेला होता.

या खोल्यांत मुलीही होत्या. १९६८ मध्ये आलेल्या मम्फेला रॅम्फेले यांनी १९९५ साली आत्मकथन प्रसिद्ध केले. चळवळीतल्या पुरुषांमध्ये स्त्रीला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी किती कठोर व्हावे लागते हे त्यांनी लपवलेले नाही. आपल्या चळवळीतल्या बायकांना विचारले तर त्या आणखी चार गोष्टी सांगतील. आमच्या वर्गात आमच्या समाजाची एकच मुलगी होती. रात्रीच्या आमच्या चर्चांना ती कधी येऊच शकत नव्हती, आणि ती नाही हे आम्हाला कधी जाणवलेही नाही. हे आज लिहिताना लाज वाटते.

आता अवघड भाग. १९७२ च्या जूनमध्ये बिकोला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. राजकारण हे कारण दिलेले नव्हते. अभ्यासात असमाधानकारक प्रगती हे होते. आणि तो खरोखर नापास झालेला होता. सहा वर्षे संघटनेसाठी देशभर फिरणारा माणूस फार्माकॉलॉजीचे डोस कधी पाठ करणार? त्याच उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथर जन्माला येत होती.

मी इंटर्न असताना, १९८१ च्या सुरुवातीला, अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झाले. पदव्युत्तर शिक्षणातल्या थोड्याशा जागांचे निमित्त होते. आग गुजरातभर दलित वस्त्यांत पसरली. आमच्या महाविद्यालयातही त्यांच्या पाठिंब्याची भाषा सुरू झाली. मेसमध्ये एकजण मोठ्याने म्हणाला, "उद्या तुमच्या आईचं ऑपरेशन कोटावाल्याकडून करून घ्याल का?" तो चांगला मुलगा होता, वर्षभर माझ्याबरोबर रात्रपाळ्या केल्या होत्या. मी उत्तर दिले नाही. माझी आई त्याच इमारतीत त्याच्यासारख्यांच्या आईची बेडपॅन काढत आली होती, हे बोलायला जीभ उचलली नाही. उत्तर मला पुष्कळ नंतर सुचले, आणि ते बिकोच्या मृत्यूच्या कागदपत्रांत सापडले.

१८ ऑगस्ट १९७७ रोजी ग्रॅहम्सटाऊनजवळ बिकोला अटक झाली. पोर्ट एलिझाबेथला नेऊन नागडे करून, बेड्या घालून ठेवले. ६-७ सप्टेंबरला चौकशीच्या खोलीत त्याच्या डोक्याला जबर मार बसला. ७ तारखेला सरकारी डॉक्टर आयव्हर लँग यांनी त्याला पाहिले. जीभ अडखळत होती, पाय झोकांड्या खात होते, ओठ फुटलेला. लँग यांनी दाखला दिला की कोणतीही विकृती आढळली नाही. त्यांचे वरिष्ठ बेंजामिन टकर आले. तपासणीत तळपायाची प्रतिक्रिया बिघडलेली असल्याची खूण दिसली. वाचकांपैकी जे वैद्यकाचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तळपायाच्या बाहेरच्या कडेने किल्ली ओढली की निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर गेला तर मेंदूत किंवा मज्जारज्जूत बिघाड. ही खूण मेडिकलचा तिसऱ्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी ओळखतो. मग पाठीतून पाणी काढले गेले, त्यात रक्तपेशी निघाल्या. तरी त्याला पुन्हा कोठडीत पाठवले. ११ तारखेला तो जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस आलेला सापडला. टकर यांनी प्रिटोरियाला मोटारीने न्यायला संमती दिली. अकराशे किलोमीटरहून जास्त अंतर, लँडरोव्हरच्या मागच्या भागात, नागडा, बरोबर एकही वैद्यकीय कागद नाही. १२ सप्टेंबरला तो गेला. त्याच वर्षीच्या अखेरीस न्यायालयीन चौकशीने कोणालाही दोषी धरले नाही.

या डॉक्टरांना काय येत नव्हते? त्यांना सगळे येत होते. खूण ओळखता येत होती, सुई योग्य ठिकाणी घालता येत होती, निष्कर्षही कळत होता. ते सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेले, नोंदणीकृत, अनुभवी होते. नापास झाला होता तो जमिनीवर पडलेला माणूस! मेसमधल्या त्या मित्राला मला हा कागद दाखवायचा होता. गुणवत्ता म्हणजे गुणपत्रिका हे समीकरण ज्यांना मान्य आहे त्यांनी खोली क्रमांक ६१९ मधल्या गुणवत्तेचा हिशेब द्यावा.

तिथल्या वैद्यक परिषदेने १९८० मध्ये ठरवले की डॉक्टरांविरुद्ध कारवाईला आधार नाही. गोऱ्यांच्या वैद्यक संघटनेने ते मान्य केले. सहा डॉक्टर न्यायालयात गेले. त्यांत फ्रान्सिस एम्स आणि फिलिप टोबायस यांच्यासारखे गोरे अध्यापक होते, युसुफ वेरियावा आणि दुमिसानी म्झाना हेही होते. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या गादीवर जाऊन न झोपणारे गोरेही होते. १९८५ मध्ये न्यायालयाने परिषदेला पुन्हा चौकशी करायला लावली. त्या वर्षाअखेर टकर यांचे नाव नोंदवहीतून काढले गेले, लँग यांना ठपक्यावर सोडले. १९९१ मध्ये टकर यांनी माफी मागितली आणि नाव परत आले. बिकोच्या मृत्यूची चौकशी २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडण्यात आली, ४८ वर्षांनी.

वेंटवर्थने दुसऱ्या प्रकारचे डॉक्टरही दिले. बिको स्थानबद्ध असताना १९७५ मध्ये किंग विल्यम्स टाऊनजवळ झिन्योका येथे झानेम्पिलो नावाचे आरोग्य केंद्र उभे राहिले. ते काळ्यांच्या कष्टाच्या जोरावर, काळ्यांनी चालवलेले. रॅम्फेले तिथल्या डॉक्टर. बाळंतपणे, कुपोषित मुले, क्षयरोगी. १९७७ मध्ये त्यांना शेकडो मैल दूर हद्दपार केले, तर तिथेही त्यांनी दवाखाना काढला. हॅपी व्हॅलीच्या रविवारचा हा पुढचा आठवडा होता.

२००७ च्या मे महिन्यात प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीचा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयीचा अहवाल आला. थोरात आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. अहवालात वसतिगृहांवरचा भाग मी दोनदा वाचला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी त्रासाला कंटाळून खोल्या बदलत-बदलत विशिष्ट वसतिगृहांच्या विशिष्ट मजल्यांवर गोळा झाले होते. कोणताही कायदा नाही, बराक नाही, बस नाही. तरी वेंटवर्थ तयार. त्यानंतर १२ वर्षांनी, २२ मे २०१९ ला, मुंबईत स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी हिने वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवले. सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या आईने केला. तिच्याभोवती मजलाही नव्हता.

१९७८ च्या जुलैअखेर विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावे पेटली. माझे गाव मराठवाड्यातले. त्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे जण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झोपायला जाऊ लागलो. भीतीने गेलो होतो, हे कबूल. आठ दिवसांत तिथे वर्तमानपत्रांची कात्रणे आली, कोणीतरी 'अस्मितादर्श'चे जुने अंक आणले, कोणीतरी गावाकडून आलेल्या पत्रांचे मोठ्याने वाचन सुरू केले. पंधरा दिवसांनी भीती ओसरली, तरी आम्ही खाली गेलो नाही. वसतिगृहप्रमुखांनी बोलावून विचारले, "तुम्ही वेगळे का राहता? सगळ्यांत मिसळून राहायला हवं." ते मनापासून बोलत होते. आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, मिसळायला खाली किती जण तयार आहेत, ते एकदा विचारून सांगा." सर काही बोलले नाहीत, आणि आम्हाला काढलेही नाही.

तो बोन सेट मी १९७८ मध्ये पुढच्या मुलाला दिला. कनिंगहॅमचे दोन भाग पुढे बरेच फिरले. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका डॉक्टर मित्राकडे जेवायला गेलो असता त्याने कपाटातून पहिला भाग काढून माझ्यापुढे ठेवला. शिवण उसवलेली, फॉर्मेलीनचा वास अजून होता. शेवटच्या पानावर माझ्यानंतर आठ नावे होती. शेवटचे त्याच्या मुलीचे. तिने सालासमोर खोलीचा नंबरही लिहिला होता.